माझा पाय धड होता

लोणावळ्यात तालुक्याची फायनल होती. मध्यंतर झालं, आमची शाळा चार गुणांनी पुढं. कबड्डीच्या सरांनी मला खुणेनं पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. मला वाटलं, पाठ थोपटणार. पहिल्या डावात पाच पकडी केल्या होत्या मी. पाचही घोट्याच्या.

सर हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या डावात पाच मिन्टांनी लंगडत बाहेर ये. पाय मुरगळला म्हन."

"सर, पाय धड हाय माजा."

"मला दिसतंय. जिल्ह्याच्या टीमसाठी निवडीवाले आल्यात. दीपालीला उतरवायचीय. मीच तुला काढली तर लोक बोट दाखवत्याल."

दीपाली आमची राखीव खेळाडू. वाईट खेळायची असं नाही. तिच्या वडिलांनी हायवेलगतच्या जमिनीचे प्लॉट पाडले आणि त्याच वर्षी शाळेला कबड्डीची मॅट दिली. मॅटच्या चारी कडांना त्यांचं नाव.

मी हलेना. तेव्हा सर म्हणाले, "आगं, तुमच्यात पोरींची लग्नं लवकर उरकत्यात. ती फुडं खेळंल तरी. तू कुटं जानार हायेस?"

तुमच्यात. चार वर्षं त्यांच्या हाताखाली खेळत होते. हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. म्हणजे चार वर्षं तो तोंडातच होता.

दहावीत होते मी. सरांचा शब्द कधी मोडला नव्हता. दुसऱ्या डावात चढाईवाली जवळ आली तशी मुद्दाम पडले आणि लंगडत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही जिंकलो. निवड दीपालीची झाली. येताना टेम्पोत पोरींनी मला पाय लांब करायला जागा दिली, आणि सगळ्या आमच्या सोमाटण्यापर्यंत गाणी म्हणत आल्या. मी पाय लांब करून बसले.

घरी अम्मानं आंबेहळद उगाळली. माझ्या धड पायाला लेप लावला, वरून फडकं बांधलं. तिचा हात लागला की मी कण्हायची. नाटक चांगलं जमलं होतं मला.

अब्बांचं सोमाटण्यात गाद्यांचं दुकान. शाळेत मॅट नव्हती तेव्हा आम्ही मुरमावर पडायचो, कोपरं सोलून निघायची. अब्बांनी जुना कापूस पिंजला, घट्ट भरला, वरून ताडपत्रीची खोळ शिवली आणि सहा गाद्या शाळेत आणून टाकल्या. नातेवाईक म्हणायचे, पोरगी चड्डी घालून गावभर पळते. अब्बा म्हणायचे, "ज्याला बघवत न्हाई त्यानं बघू नगं." मॅट आली आणि अब्बांच्या गाद्या खिचडीच्या खोलीत गेल्या. मीच एक गादी ओढत नेली होती. मलाही मॅट आवडली होती, खोटं कशाला सांगू?

फायनलनंतर सरावाला गेले तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाय बरा व्हईस्तवर पोरींना पानी दे." मी पाणी दिलं. पाच दिवस दिलं. दीपालीलाही दिलं.

सहाव्या दिवशी अब्बा मैदानावर आले. दुकानातून तसेच उठून आले होते, केसांना कापूस चिकटलेला. सरांपुढं हात जोडले.

"सर, पोरीनं ऐन टायमाला दगा दिला. तुमची लय मेहनत वाया गेली. माफ करा."

सर एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. खरं नको, नुसतं 'हात खाली घ्या' म्हणाले असते तरी. त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या चाचा. तिच्या नशिबातच न्हवतं."

माझ्या बापाची माफी त्यांनी घेतली. चहा घ्यावा तशी घेतली.

मी पाण्याचा जग खाली ठेवला. पायाचं फडकं सोडलं. मॅटवर गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाले. परत आले. धाप लागली होती.

"अब्बा, पाय मुरगळलाच न्हवता. सरांनी सांगितलं म्हनून लंगडले मी."

"मनाला लागलंय तिच्या," सर म्हणाले. "कायबाय बोलती."

पोरी उभ्या होत्या. मला टाकीमागं जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. दीपाली बुटाची नाडी बांधत बसली. तिला आधीपासून ठाऊक होतं का, मी अजून विचारलेलं नाही.

अब्बांनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग सरांकडं. ओरडले नाहीत. म्हणाले, "माज्या गाद्या कुटं हायत?"

तांदळाच्या पोत्यांखाली होत्या. दोन उंदरांनी कुरतडलेल्या. आम्ही दोघांनी सहाच्या सहा हातगाडीवर घातल्या. वाटेत अब्बा एकच बोलले, "मला का न्हाई सांगितलंस?" अब्बांपेक्षा मी सरांना मोठं मानलं होतं. अम्माच्या थकल्या हातांना खोट्या पायावर राबवलं होतं. सरांवर राग आहेच, पण ही निवड माझी होती. तिची शरम अजून जात नाही.

त्या शाळेकडून पुन्हा खेळले नाही. आता सुदुंबऱ्याजवळ एका कंपनीत कामाला आहे. शिफ्ट सांभाळून अकरा पोरींना कबड्डी शिकवते. गाद्या त्याच, खोळी नव्या. सात जणी निवडायच्या असतात, चौघी रडतात. जिला बसवते तिला तोंडावर सांगते, "तुझी पकड ढिली हाय." मध्यंतरी एकीचे वडील मॅट देतो म्हणाले. मी म्हटलं, "द्या. पोरगी चांगली खेळली तरच उतरंल." ते पुन्हा फिरकले नाहीत.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. निवृत्तीचा सत्कार आहे. "पोरी शिकवून तू शाळेचं नाव काढलंस. ये, दोन शब्द बोल."

मी म्हणाले, "येते. पन आदी तुमी बोला. माईकवर, अब्बांसमोर. त्या दिवशी तिचा पाय धड होता, येवडंच."

सर म्हणाले, "जुनं कशाला उकरतीस?"

मी फोन ठेवला. अब्बांनी हात जोडून मागितलेली माफी अजून त्या माणसाकडं आहे. ती त्यानं चार लोकांत परत करेपर्यंत मी त्या शाळेचं फाटक ओलांडणार नाही.