केवड्यातली हिरवी भेंडी

पेडगावच्या आमच्या शेतात मी मुद्दाम रोग लावला होता. दर दोन ओळींनंतर केवडा पडून पानं पिवळी झालेल्या भेंडीची एक ओळ. तिच्यावरची पांढरी माशी उडून शेजारच्या झाडांवर बसावी आणि विषाणू सगळीकडे पोचावा, एवढाच हेतू. बांधावरून जाणारा शेजारी हसायचा, "शिकून शिकून पोरगी रोगच पेरायलीय की!" त्याचं तरी काय चुकलं? शेतकऱ्याला पिवळं पान बघवत नाही, मलाही बघवत नव्हतं.

आईला मी समजावलं होतं. विषाणू म्हणजे हात हलवत आलेला पाहुणा. आपलीच चूल, आपलाच तवा वापरून आपल्याच घरात स्वतःचं खटलं वाढवतो. त्याचं नेमकं कशावाचून अडतं, ते मला शोधायचं होतं. म्हणून किरणांचा मारा केलेल्या बियाण्याची पुढची पिढी लावली होती. त्यात झाडागणिक वेगवेगळे जनुक मोडलेले. विषाणूला हवा असलेलाच जनुक ज्या झाडात मोडलाय, ते झाड हिरवं राहणार.

"म्हंजी येकाच्या घरात तवा न्हाई, दुसऱ्याच्या घरात काडीपेटी न्हाई," आई म्हणाली. अगदी तसंच.

मी परभणीहून दर रविवारी यायची, आणि दर रविवारी शेत आणखी पिवळं झालेलं असायचं. माझं सगळं संशोधन त्या एका हिरव्या झाडावर अडलं होतं, आणि ते काही सापडेना. मग एका रविवारी सापडलं. कडेच्या ओळीत, चहूकडून पिवळ्या झाडांनी वेढलेलं, गर्द हिरवं. मी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

पुढच्या रविवारी नमुना घ्यायला पान उलटलं, तर खाली एकही माशी नाही. मला खटकलं. विषाणूला दाद न देणाऱ्या झाडावरही माशी बसतेच, तिला फक्त रस हवा असतो. मी पान नाकाशी नेलं. कडू वास आला.

आई शेजारीच खुरपत होती. "या झाडावर काही मारलंस का?"

"निंबोळ्याचं पानी," ती कौतुकानं म्हणाली. "राती भिजू घालते, फडक्यानं गाळून सकाळी मारते. लय दिवस झाले."

मी भडकलेच. "अगं, सगळ्या कामावर पाणी फिरवलंस!" हे झाड आपल्या बळावर हिरवं होतं की निंबोळीच्या, हे आता कसं कळणार, ते तिला तावातावानं सांगितलं. तिनं खुरपं खाली ठेवलं.

"दर खेपंला येतीस आन् तोंड पाडून जातीस," ती म्हणाली. "येक तरी हिरवं दिसावं तुला, म्हनलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट मात्र फार वाटलं. तरी फवारणी थांबवायला सांगितली. आता झाडाला त्याचं त्यालाच निभवू द्यायचं, दुसरा इलाज नव्हता.

त्यानंतर मी आले तेव्हा आईनं मला आधी शेतात जाऊच दिलं नाही. जेवायला वाढलं. मी भाकरी मोडली आणि विचारलं, "पडलं का पिवळं?"

तिनं 'हो' म्हणून मान हलवली. माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "रोज जाऊन बघत व्हते. पर म्या हात न्हाई लावला गं."