प्लेटा कुणाच्या, पुस्तक कुणाचं

माझ्या टेबलावर लघुलिपीचं पुस्तक ठेवून ताठ उभे राहिलेले ते गृहस्थ अजून डोळ्यांसमोर आहेत. मी तेव्हा पुण्यात पोलीस उपनिरीक्षक होतो, शिपायापासून बढती मिळत आलेला. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले लघुलेखक. विश्रांतवाडीत घरीच शिकवणी घेत. सरावाचं हे पुस्तक त्यांनीच लिहिलेलं, आतली प्रत्येक खूण स्वतःच्या हातानं काढलेली. आता तेच पुस्तक ते छापून देणाऱ्या छापखानेवाल्यानं स्वतःच्या नावानं बाजारात आणलं होतं.

"दुकानदार मलाच विचारतात, कुणाचं उतरवलंत म्हणून," ते म्हणाले. "शिकवणीची मुलंही कुजबुजतात."

"पुस्तकाची नोंदणी केलीय?"

"नाही."

"नोंदणी नाही, तर हक्क नाही. गुन्हा कसा घेऊ?"

त्यांनी खिशातली वही काढली, त्यात काही खुणा केल्या आणि नमस्कार करून निघून गेले.

ते मला बोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, दाखला काढला नाही म्हणून मूल जन्मलंच नाही का? पुस्तक लिहिलं तेव्हाच हक्क झाला. नोंदणी पुराव्याच्या कामाची."

मी गृहस्थांना बोलावून, हस्तलिखित पाहून फिर्याद नोंदवली. दोनच दिवसांत एका बाइंडरनं खबर दिली, की छपाई पुन्हा सुरू आहे. पंच घेऊन छापखान्यावर गेलो.

"पुस्तक माझंच आहे, साहेब. नाव वाचा की," मालक म्हणाला.

मी आवाज चढवला नाही. कोरा कागद पुढे केला. "मी सांगतो ते वाक्य लघुलिपीत लिहा."

त्यानं पेन घेतलं, टोक कागदावर टेकवलं. "आज चष्मा विसरलोय."

"मग नाकावर काय आहे?" आमचे हवालदार म्हणाले.

त्यानं पेन खाली ठेवलं. "नाही येत मला. पण छपाईच्या प्लेटा माझ्या, कागद माझा, शाई माझी. मग पुस्तक त्यांचं कसं?"

नाव बदलण्यात लबाडी होती. हा प्रश्न मात्र तो मनापासून विचारत होता.

"प्लेटा तुमच्या असतील," मी म्हणालो. "त्यांच्यावर जे उमटलंय, ते लिहिणाऱ्याचं आहे."

प्रतींबरोबर प्लेटाही पंचनामा करून जप्त केल्या. पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली, आणि पुस्तक मूळ नावानं पुन्हा दुकानात आलं.

गृहस्थ एक प्रत द्यायला ठाण्यात आले, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी वहीत काय लिहिलंत?"

त्यांनी वही उघडून वाचलं, "नोंदणी नाही, तर हक्क नाही. गुन्हा कसा घेऊ?" आणि वही मिटत म्हणाले, "हे वाक्य आपलं आहे, साहेब. याच्यावर मी हक्क सांगणार नाही."

निवृत्तीनंतर मी कायदा शिकायला कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे वर्गात बोलायला अजून धीर होत नाही. परवा बाईंनी विचारलं, "नोंदणी नसेल तर लेखकाचा हक्क जातो का?" आजवर एकदाही वर न केलेला हात मी त्या दिवशी वर केला. उत्तर मला येत होतं. आधी चुकीचं दिलं होतं, म्हणूनच येत होतं.