घासूमास्तरांची काच

घासूमास्तर माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी हात. नखं वाढलेली दिसली की परत पाठवायचे. अंगठ्या उतरवायला लावायचे, आणि बांगड्या काढायला तयार नसलेल्या बायकांच्या मनगटांना स्वतः फडकी बांधायचे. नारायणगुड्याच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं, पण आम्हा हैदराबादी मराठी मंडळींत त्यांचं नाव पडलं ते काच घासण्यावरून.

बरकतपुऱ्यात आमच्या मंडळाच्या गच्चीवर वेधशाळा बांधायचं खूळ त्यांचंच. तयार दुर्बीण आणू म्हटलं की म्हणायचे, "विकतची आणली तर बघायला याल, सांभाळायला कोण येईल?" म्हणून दुर्बिणीचा आरसाही आम्हीच घडवला. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड घालायची आणि वरची फिरवत राहायची. हळूहळू खालच्या काचेला बाक येतो, मग तिच्यावर चंदेरी थर चढवला की आरसा. वकील, कारकून, गावची शेती सोडून आलेली घरं, सगळ्यांनी रविवारी हात लावला. मी जोर केला की मास्तर म्हणत, "बाई, काच आहे ती, कणीक नव्हे." पत्र्याचा घुमट गौलीगुड्याच्या कूलरवाल्याने केला. त्यालाही सुटका नव्हती. "मियाँ, गोल बोले तो गोल होना. अंडा नक्को."

सगळ्यांत जास्त घासलं ते मास्तरांच्या शेजारच्या सुमनकाकूंनी. त्यांना साडेसातीची भारी धास्ती. दुर्बीण उभी राहिल्यावर मास्तरांनी पहिला शनी त्यांनाच दाखवला. "ज्याला घाबरता, त्याला एकदा बघून तर घ्या." काकू डोळा लावून बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "गरीब दिसतो हो."

पुढे एका खंडेनवमीला, घरोघरी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते त्या दिवशी, काकूंनी दुर्बिणीचं झाकण काढून आरशालाही हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचे डाग दिसले. त्या घाबरल्या, आणि देवाची भांडी घासतात तसा तो आरसा चिंच-रांगोळीने घासून काढला. चंदेरी थर तर गेलाच, खालच्या काचेवरही ओरखडे उठले. काकू जिन्यात बसून रडत होत्या. मास्तर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "घासायला मीच शिकवलं ना तुम्हाला? पुन्हा घासू." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. काकू पुन्हा गच्चीवर चढल्या नाहीत.

दुसऱ्यांदा हात लावायला कुणी आलं नाही. पोरं गच्चीबावलीच्या आयटी कंपन्यांत नाहीतर अमेरिकेला, आणि थोरल्यांचे गुडघे गेलेले. कमिटीला गच्ची लग्नामुंजींना द्यायची होती. पुढच्या दसऱ्यापर्यंत आरसा झाला तर घुमट ठेवू, नाहीतर उतरवू, असं ठरलं. मास्तर एकटेच घासत राहिले. हात थरथरत होते, आणि थरथरत्या हाताने बाक नीट येत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. ऑफिस सुटलं की मी जायचे, पण दोघांनी ते उरकणारं नव्हतं. आमच्या माणसांचा मला तेव्हा संताप आला होता. अजून आहे.

दसरा आला तेव्हा काच आंधळीच होती आणि मास्तर दवाखान्यात. घुमट उतरला, पत्रा भंगारात गेला. काकू तोवर लेकीकडे मियापूरला राहायला गेल्या होत्या. तिथून भेटायला आल्या. खाटेशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "मास्तर, काच?"

"साधली," मास्तर म्हणाले. "आधीपेक्षा बरी."

पोरांना अर्धा मार्क फुकट न देणारा माणूस. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी होकाराची मान हलवली. त्याच आठवड्यात ते गेले.

काकू आता घराबाहेर पडत नाहीत. मी गेले की विचारतात, "काय गं, कोण कोण येतं बघायला?" मी नावं सांगते, जे कधी फिरकले नाहीत त्यांचीच, एकेक करून. काकू मन लावून ऐकतात.

"म्हणजे माझ्या हातून फार काही बिघडलं नाही," त्या म्हणतात.

"नाही काकू," मी म्हणते.