न लागणारा शब्द

मिठबावला माझ्या शेजारी राहणारे काका निवृत्त झाल्यापासून स्वतःची भाषा बनवतात. नवी भाषा करायची तर आधी पाणी, आग, हात, आई असे रोजचे शब्द घ्यायचे, म्हणून मोबाइलवरून तशी यादीच त्यांनी उतरवून घेतली आहे. रोज सकाळी ओटीवर बसून एकेका शब्दाला नवा शब्द घडवतात आणि दोनदा मोठ्याने बोलून बघतात. एकट्यानेच बोलायची भाषा, तरी उच्चार चुकू नये याची केवढी काळजी.

यादीतला 'भाऊ' तेवढा त्यांनी खोडलाय. विचारलं तर म्हणाले, "माका तो लागणा नाय." कुंपणापलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहतो. हापूसच्या कलमांची वाटणी झाली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

परवा तो भाऊ आंबे काढताना कलमावरून पडला. "दादा, धाव रे," म्हणून ओरडत होता. काका ओटीवरच होते. धावलो मी.

परत आलो तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "बरो आसा मां तो?"

"कोण?" मी मुद्दाम म्हटलं.

काकांनी यादीतला पुढचा शब्द घेतला.