ब्रिगेडियरसाहेबांचा मिस्ड कॉल

आधी फोन उताणा ठेवायचा, मग स्वतः टेबलावर पालथं पडायचं, हा आमच्या ब्रिगेडियरसाहेबांचा शिरस्ता. वर मला दम, "डॉक्टर, वाजला तर माझी मान सोडायची."

आखातातल्या अल ऐन शहरात, आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ते सकाळी कामावर जाण्याआधी यायचे. ऑस्ट्रेलियन सैन्यातून निवृत्त होऊन इथे सैनिकांच्या प्रशिक्षणाचे सल्लागार झालेले. त्यांची कारकीर्द मला हाडांवरून कळली. गुडघा पॅराशूटच्या उडीत गेला, खांदा इराकमध्ये, कंबर अफगाणिस्तानात.

"आणि मान?"

"कॅनबेरातल्या मीटिंगा. सगळ्यांत वाईट जखम तीच!"

एवढा धिप्पाड माणूस, पण मी अंगठा रोवला की पोरासारखा कळवळायचा. मला ते फार आवडायचे.

फोन असायचा त्यांच्या अफगाण दुभाष्याचा. तुकडी मायदेशी परतली आणि तो मागे राहिला. आता परदेशी सैन्याला मदत केली म्हणून त्याला शोधत नव्या राजवटीची माणसं दारोदार फिरत होती. तो सारखी घरं बदलायचा आणि रोज सकाळी एक मिस्ड कॉल द्यायचा. जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. साहेब उचलत नसत, नुसते डोळे मिटून घेत.

"त्याला बाहेर काढीन, असा शब्द दिलाय मी."

"व्हिसाचं काय झालं?"

"इन्शाल्ला," ते म्हणत. म्हणजे देवाची इच्छा असेल तेव्हा; इथे राहणाऱ्या तुम्हाआम्हाला हे 'तेव्हा' किती लांबतं ते वेगळं सांगायला नको.

एका सकाळी फोन वाजलाच नाही. त्यांची मान दगडासारखी लागत होती.

"काल?" मी विचारलं.

"नाही. परवाही नाही." ते उठून बसले. "मी अफगाण सरहद्दीपर्यंत जाऊन येतो. तुमचा नंबर त्याला देऊन ठेवलाय. माझा लागला नाही तर असू दे."

घरी नवरा म्हणाला, "अगं, साठीचा माणूस, असल्या गुडघ्यावर?"

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. त्यांच्या ऑफिसात विचारलं, तर पेशावरनंतर त्यांचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नव्हता.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मैं ब्रिगेडियर साहब का तर्जुमान, उनका दुभाषिया. मोबाईल छिन गया था. अब बाहर निकल आया हूँ, बच्चे भी साथ हैं. साहब का फोन बंद आता है. उनसे कहिए, अब मेरी फिक्र न करें."

मी त्याला चक्क मराठीत म्हणाले, "हो, सांगते."