व्याह्यांची राळ लावलेली मोटार

आमच्या व्याह्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या. तिसरा प्रकार देवाने केलाच नाही. सोयरीक ठरवायला ते चिखल्याहून डहाणूला आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा पुढे ठेवलेल्या पोह्यांकडे न बघता त्यांनी आधी आमच्या शोकेसवर बोटाने टकटक केलं आणि समाधानाने "तरंगेल" म्हणाले. फ्रिज बुडणार होता. माझ्या धाकट्या दिरांनी मुलाच्या पगाराची जरा जास्तच चौकशी केली, तेव्हा व्याह्यांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. बोलले काहीच नाहीत, पण दीर कोणत्या खात्यात जमा झाले ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी स्वतः कुठे मोडते हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.

सगळं आयुष्य त्यांनी तांडेलकी केली, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. घरात त्यांचा शब्द कोणी विचारत नसे आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. उत्तरेचा वारा सुटला की ते ओट्यावर उभे राहून त्याच्याशी गुजरातीत बोलत, कारण वारा तिकडून आलेला, त्याला मराठी कसं समजणार. विहिणीचा मान हा त्यांचा दुसरा ध्यास. मी रिकाम्या हाताने परतले असं कधी झालं नाही. सोमवारी मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी सोमवारीही पिशवी दिलीच, फक्त वर "मंगळवारचं" असं बजावून.

असा माणूस एका सकाळी चहाचा कप उचलायला गेला आणि कप उचलला गेला नाही. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय हळूहळू सुधारला, वाचाही परत आली, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला. होडी पुतण्याकडे गेली. दोर बांधता येत नाही तो तांडेल कसला, असं म्हणून त्यांनी किनाऱ्यावर जाणं सोडलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसू लागले. दारापुढे समुद्र आणि हा माणूस भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय, हे मला पाहवेना. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी मांजराला देऊन टाकला.

मग माझ्या लेकीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, एक खोका मागवला. बारीक बारीक ठोकळे एकमेकांत दाबून मोटार बनवायची, तीही एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमातली. तो सिनेमा तिने त्यांना टीव्हीवर आधी दाखवला होता. त्यात ती लाल मोटार रस्ता सोडून सरळ पाण्यात शिरते आणि काहीच झालं नाही अशी पुढे जाते. सगळ्या घराने तोंडात बोट घातलं. व्याह्यांनी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खुर्ची वळवली आणि विचारलं, "हिचे सांधे कोणी भरले?"

दुसऱ्या दिवसापासून घराचा मासळीबाजार झाला. ठोकळे त्यांनी माशांसारखे निवडून टोपल्यांत टाकले. सगळ्यांत बारीक तो जवळा, लांबट ते बोंबील, चपटे ते पापलेट. खोक्यातल्या चोपडीतली चित्रं बघून त्यांनी ती बाजूला ठेवली, कारण त्यात तळाआधी सीट बसवली होती. मी गेले की मलाही कामाला लावत. "विहीणबाई, एक लाल बोंबील द्या," असं म्हटल्यावर मी निमूटपणे देत असे. डावा हात मदतीला धावायचा, म्हणून ते तो मांडीखाली दाबून बसत. उजव्याचा अंगठा थरथरत एका जवळ्यावर यायचा, घसरायचा, पुन्हा यायचा. कपाळावर घाम जमायचा. शेवटी 'टक' असा आवाज आला की आम्ही सगळे श्वास सोडत असू. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण शिकणं इतकं कष्टाचं असतं हे त्या खोलीत पाहिलं आणि माझी मान आपोआप खाली गेली.

गाडी पुरी झाली तेव्हा ती सिनेमातल्यासारखी दिसत होती. नाक जरा होडीसारखं वर आलं होतं इतकंच. मी टाळ्या वाजवल्या, पण व्याह्यांचं काम संपलेलं नव्हतं. लेकीच्या फोडणीच्या पळीत त्यांनी राळ आणि तेल पातळ केलं, कापसाच्या वाती त्यात भिजवल्या आणि होडीच्या फळ्यांमध्ये भरतात तशा एकेका सांध्यात चेपल्या. लेक रडकुंडीला आली.

"बाबा, आता ही परत सुटी करता येणार नाही."

"होडी काय सुटी करायला बांधतात, पोरी? पाण्यात जाणारी चीज हाय ही."

पाण्यात जाणारी म्हटल्यावर ती पाण्यात गेलीच. एका भरतीला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून, नाकावर इवलासा झेंडा खोचून मोटार किनाऱ्यावर नेली. व्याही त्या वाळूवर कितीतरी महिन्यांनी आले होते. मासळी वाळवणाऱ्या बायका हातातलं काम टाकून आल्या. मला वाटलं होतं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. नवी चीज पाण्यात उतरताना तिथे कोणी हसत नाही. मोटार जराशी डावीकडे कलली. व्याह्यांनी आत उजवीकडे एक पापलेट ठेवल्यावर ती सरळ झाली आणि खरंच तरंगली.

लाट मागे सरली तशी मोटारही आत निघाली. तिला बांधलेला बारीक दोर व्याह्यांच्या हातात होता. नव्या होडीचा पहिला दोर मालकानेच बांधायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुतण्याने हळूच हात पुढे केला. व्याह्यांनी दोर त्याला दिला नाही. ते वाकले, किनाऱ्यावरच्या खुंट्याला दोराचा फेरा घातला, आणि डावा हात त्यांनी पाठीमागे नेला. उजवी बोटं दोरावर चाचपडली, अडली, मग एकदम त्यांना जुनी वाट सापडली. गाठ बसली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "ओढून बघा."

मी ओढलं. गाठ हलली नाही. मला समोरचं काही दिसेना.

व्याही पुन्हा होडी घेऊन समुद्रात गेले नाहीत. डॉक्टर नको म्हणतात, आणि खरं तर ते स्वतःही आता जाणार नाहीत. संध्याकाळी पुतण्याची होडी लागली की दोर तेवढा तेच बांधतात आणि काळोख होईपर्यंत तिथेच बसतात. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायला जात नाही. मोटार घरात खिडकीत आहे, पण ती तिथेही गजाला बांधलेली आहे. तरंगणारी चीज मोकळी ठेवायची नसते, असं त्यांचं म्हणणं. माशांची पिशवी घेऊन निघताना मी तो दोर दर वेळी जरासा ओढून बघते.