टेपरचं गणित

रात्रीची तिसरी पाळी करून आलेली वृषाली खंडागळे सकाळचे अकरा वाजले तरी नुसती कूस बदलतेय. जालन्याच्या एमआयडीसीत ती लोखंड कातायचं लेथ मशिन चालवते. आयटीआयला टर्नरच्या तुकडीत एकटी मुलगी होती. त्या आयटीआयच्या जोरावर आता पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात तिचा नंबर लागलाय. आज पाचच्या आत कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. आणि कंपनी तर पुढच्या महिन्यात कायम करते म्हणतेय.

"नाही जात मी," सकाळीच तिनं आईला सांगून टाकलंय. "बारावी झालेली पोरं त्या गणितात गचकतात. नापास झाले तर तेलही गेलं, तूपही गेलं."

आईनं नुसता तिचा डबा घासायला घेतला. तेच तिला टोचतंय.

पंखा घरघरतो. घरघर वाढत जाते, जाड होते, लेथची होते. वृषाली आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभी आहे आणि समोर हिवाळे सर तिनं कातलेला लोखंडी जॉब न्याहाळतायत. तिला टर्नरचं काम शिकवणारे निदेशक. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तेराव्याला ती गेली होती, हे तिला इथंही आठवतं.

"सर, तुम्ही इथं कसे?"

"गॉगल लाव आधी. डोळ्यात लोखंडाची चिप जाईल."

ती गॉगल शोधायला वळते तर लेथ नाहीत, बाकं आहेत. परीक्षेचा हॉल. सगळी पोरं तिच्याहून लहान, माना खाली घालून भराभर लिहितायत. तिच्या हातातल्या पेपरवरची अक्षरं मुंग्यांसारखी कडेला पळतायत.

"सर, मला काहीच येत नाही. बाहेर काढा मला."

सर फळ्याशी आहेत. खडूनं एक तिरपी रेघ ओढतात, निमुळत्या कातलेल्या जॉबच्या उतारासारखी. "टेपर काढताना हत्याराची कंपाउंड रेस्ट किती अंशात फिरवतेस?"

"जॉब कसा आहे त्यावर आहे सर ते. मोठ्या व्यासातून लहान वजा करायचा, दुप्पट लांबीनं भागायचं. मग टॅनच्या तक्त्यात कोन बघायचा."

"रोज करतेस?"

"दिवसाला दहादा."

"मग गणित येत नाही म्हणून कुणाला सांगतेस?"

तिला हसू येत नाही. पाय चुळबुळतात. हॉलची फरशी आता बसस्टँडच्या फलाटासारखी तेलकट आहे. गाड्या लागतायत, सुटतायत, एकीचीही पाटी वाचता येत नाही. सर बाकड्यावर बसलेत, मांडीवर पत्र्याचा डबा. डबा उघडत नाहीत.

"माझाही नंबर लागला होता," ते म्हणतात.

"पॉलिटेक्निकला? तुम्ही तर सांगायचात, घरच्यांनी सोडलं नाही."

"सांगायचो." सर बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करतात. "घरच्यांनी नवा शर्ट शिवला होता. मी फाटकापर्यंत गेलो. आत पोरं इंग्रजीत काहीतरी वाचत होती. तिथूनच परत फिरलो, आणि घरी सांगितलं, जागा भरल्या."

वृषालीला त्यांच्याकडे बघवत नाही. "मी नापास झाले तर, सर?"

"होशील एखाद्या विषयात. तुझा पहिला जॉब मी किती वेळा फेकला होता?"

"सात वेळा. रडले होते मी."

"रडलीस, पण मशिन सोडलंस का?"

तिला उत्तर द्यायचंय, पण फलाटाच्या टोकाला एक खिडकी आहे आणि तिचं शटर खाली येतंय. आतला माणूस कुणाचंतरी नाव पुकारतोय. तिचंच. ती पळू बघते, बूट तेलात घसरतात, शटर हातभर उरलंय.

"सर, बंद होतंय!"

"मग मला काय सांगतेस? हो पुढं." सरांचा हात खांद्यावर पडतो, आणि ते तिला जोरात ढकलतात.

ती उठून बसते. घड्याळात अडीच वाजून गेलेत. पॉलिटेक्निकला जायला तास लागतो.

ती तोंडावर पाणी मारते, मार्कशीट, सनद, दाखला पिशवीत कोंबते, चपला शोधते. आई स्वयंपाकघरातून बाहेर येते.

"निघालीस? दोन घास खाऊन तरी जा."

"आल्यावर खाते."

आई जवळ येते आणि थबकते. "हे गं काय? खांद्याला पांढरं काय लागलंय?"

वृषाली आरशात बघते. निळ्या कुडत्यावर पाच बोटं उमटलीत. ती बोटानं चाचपते. खडूची भुकटी आहे. घरात खडूचा तुकडाही नाही.

आई पदरानं झटकायला हात उचलते.

"राहू दे," वृषाली म्हणते. पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवते आणि उन्हात बाहेर पडते.